एक हृदय, दोन आकडे



आपल्या रत्नागिरीत हापूसची एकच रास दोन जाणकारांपुढे ठेवा. काठावरचे फळ एक जण पहिल्या प्रतीत घालील, दुसरा दुसऱ्या. त्यात लबाडी असतेच असे नाही. हृदयाच्या चित्राचेही असेच असते, हे आम्हांस एका मोटारचालकाच्या प्रकरणात कळले.

आठवड्याभरात त्याची इको तपासणी दोनदा झाली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर पडते, तो आकडा एका अहवालात ४२ टक्के, दुसऱ्यात ५०. मालक म्हणाले, दुसरा डॉक्टर तुमचा. आम्ही म्हणालो, पहिला तुमचा. दोघेही चुकलो होतो. टांगणीला लागली होती ती मात्र त्या माणसाची भाकरी.

हा आकडा काढताना कप्प्याची आतली कड चित्रावर आखावी लागते. चित्र अंधुक असले की कड कुठे धरायची, हा नजरेचा प्रश्न होतो. दोन अनुभवी डॉक्टरांत काही टक्क्यांचा फरक पडतो. तोच डॉक्टर पुन्हा मोजील तरी आकडा हलतो. आणि हृदयात संरक्षक यंत्र बसवावे की नाही, हे ठरवताना साधारण ३५ टक्क्यांची रेघ पाहिली जाते!

मग एकमत किती, हे मोजायचे कसे? समजा, दोन डॉक्टर शंभरांपैकी नव्वद जणांना निरोगी ठरवतात. दोघांनी डोळे मिटून तसे शेरे मारले, तरी सुमारे ८२ ठिकाणी ते जुळतील. म्हणजे '८२ टक्के एकमत' या बढाईत काहीच नाही. जेकब कोहेन यांनी १९६० साली योगायोगाचा हा वाटा वजा करणारे माप दिले, त्याला 'कप्पा' म्हणतात. आमच्या उदाहरणात ९१ ठिकाणी जुळले, तर योगायोगापलीकडच्या १८ पैकी ९, म्हणजे निम्मेच खरे एकमत.

यावर उपाय कामगारजगतात जुना आहे. धुळीने फुप्फुसे बिघडलेल्या कामगारांच्या क्ष-किरण चित्रांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नमुनाचित्रे ठरवून दिली. ती शेजारी ठेवून चित्र वाचायचे.

म्हणून आमचे मागणे इतकेच : ज्या आकड्यावर माणसाची नोकरी जाणार, तो दुसऱ्या डॉक्टरने, पहिल्याचे मत न पाहता, वाचावा. यात डॉक्टरांचा अपमान नाही. तराजू तपासून घेतल्याने प्रामाणिक वाण्याचे काय बिघडते?