माळवद आणि झाडांचें घर

वैशाखांतल्या भर दुपारीं जत गांवीं जाण्याचा प्रसंग तुम्हांपैकीं थोड्यांवरच आला असेल. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा हा दुष्काळी तालुका, त्यापलीकडे कर्नाटक. पाऊस वर्षाकांठीं २० इंचांच्या आसपास, आणि तोहि भरंवशाचा नव्हे. उन्हांतून आलेला पाहुणा तेथल्या जुन्या माळवदाच्या घरांत शिरला, म्हणजे उंबरठ्याच्या आंत पाऊल पडतांच त्याला हायसें वाटतें. सिमेंटच्या स्लॅबखालीं मात्र पंखा ऊन हवाच फिरवीत असतो. नवें घर अधिक पक्कें, अधिक प्रतिष्ठेचें. तरीहि उन्हाळ्यांत निजावयास माणसें अंगणांत येतात. असें कां व्हावें, याचा आज थोडा विचार करूं.

माळवद, म्हणजेच धाब्याचें घर. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असें आपल्याकडे म्हणतात. ही पांढरीची माती नीट चोपून बसविली, म्हणजे पावसाचें पाणी सहसा खालीं उतरूं देत नाहीं. खिडक्या थोड्या आणि लहान. दिवसाचें ऊन या जाड थरांतून आंत पोंचावयास कित्येक तास लागतात. तोंवर बाहेर रात्र गार झालेली असते. चार-पांच इंचांच्या उघड्या स्लॅबच्या अंगीं तो धीर नाहीं. दिवसभर शोषून घेतलेली उष्णता तो रात्रीं खालच्या माणसांवर सोडीत राहतो.

छपरावर माती घालण्याची हीच कल्पना दूरच्या व्हिएतनामांत आज निराळ्या रूपानें दिसते. तेथील होइ आन या जुन्या बंदरांत, जें १९९९ पासून जागतिक वारसास्थळ आहे, अरुंद पण लांबच लांब घरें आहेत. त्यांच्या मध्यभागीं उघडा चौक ठेवून वारा व उजेड आंत घेतलेला असतो. हो ची मिन्ह शहरांत वास्तुशिल्पी व्हो त्रोंग न्गिया यांच्या संस्थेनें २०१४ मध्यें एक घर बांधलें. त्याचें नांवच ‘झाडांसाठीं घर’. कुंड्यांच्या आकाराचीं काँक्रीटचीं पांच दालनें, त्यांच्यामध्यें अंगण, आणि प्रत्येक दालनाच्या माथ्यावर मातीचा जाड थर व त्यांत वाढणारीं झाडें. ती माती पावसाचें पाणी धरून ठेवते आणि झाडें छपरावर सावली धरतात.

मग जतेंतहि छपरावर झाडें लावावींत काय? मुळींच नव्हे. तेथें पाऊस मुबलक आणि हवा दमट. म्हणून घरांतून वारा खेळता हवा. येथें हवा कोरडी; म्हणून दुपारीं घर मिटलेलें आणि रात्रीं उघडें हवें. जेथें पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें छपरावरील झाडांना पाणी कोठून आणावें? घ्यावयाचा तो त्यांचा नमुना नव्हे, तर त्यांची दृष्टि. आपल्या वाडवडिलांचें घर नेमकें काय साधीत होतें, हा प्रश्न त्यांनीं विचारला.

तो प्रश्न विचारतांना जुन्या घराचे दोषहि झांकतां कामा नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत अशाच भिंती कोसळल्या आणि अशाच मातीखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. जुनी माती न काढतां नवी चढवीत गेल्यानें छपरांचें ओझें पिढ्यान्‌पिढ्या वाढलें होतें. भिंतींच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. म्हणून तज्ज्ञ सांगतात कीं, मातीचा थर पातळ करावा, भिंतींत आरपार दगड घालावे, खांब-तुळयांना तिरपे आधार द्यावे, आणि भिंतींवरून सलग पट्टा फिरवावा. जो हें करणार नाहीं, त्यानें माळवदाचे गोडवे गाऊं नयेत. गारव्यासाठीं जिवाची किंमत कोण देईल?

आणि ज्यानें स्लॅब घातला आहे, त्यानेंहि निराश होण्याचें कारण नाहीं. स्लॅबवर दरसाल पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली करावी, अंगणांत एक कडुनिंब लावावा. शिवाय त्याच स्लॅबचें पाणी टाकींत साठवितां येतें. ५०० चौरस फुटांच्या छपरावर २० इंच पाऊस पडला, तर हिशेबानें २३,००० लिटरांहून अधिक पाणी होतें. गळती आणि वाफ वजा जातांहि तें एका कुटुंबाच्या पिण्याला व स्वयंपाकाला पुष्कळ महिने पुरेल.

श्रोतेहो, तुमच्यापैकीं पुष्कळांचें गांवाकडे एखादें जुनें घर असेल आणि तें पाडण्याचा बेतहि ठरत असेल. पाडावयाचें तर अवश्य पाडा. परंतु त्यापूर्वीं वैशाखांतली एक दुपार त्यांत काढा, आणि हें घर आपल्याला काय देत होतें तें लिहून ठेवा. तो कागद मग नव्या घराच्या नकाशाबरोबर गवंड्याच्या हातीं द्या.