भाव उतरतो तेव्हा पैसा कोठे जातो?



आपल्या टावर चौकात हल्ली चहाबरोबर शेअरचे भावही बोलले जातात. भाव कोसळले की प्रश्न येतो, एवढा पैसा गेला कोठे? तेथील घड्याळ पाहून मला मुंबईचा राजाबाई टॉवर आठवतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस लागू लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे रेक्लमेशनचा ५ हजारांचा शेअर सुमारे ५० हजारांना विकला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि शेअर मातीमोल झाले.

पैसा जळाला काय? नाही. घेणाऱ्याने मोजलेले रुपये विकणाऱ्याच्या हाती केव्हाच गेले होते. भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा आकडा. त्याच आकड्याने आपण घरातील सगळे शेअर मोजतो आणि स्वतःस श्रीमंत समजतो. नाहीशी होते ती ही समजूत. तिच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र खरे असते. भावाबरोबर ते उतरत नाही. शेअरच्या तारणावर कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली ती याचमुळे.

प्रेमचंद रायचंद यांचे वैभवही त्या लाटेत गेले. परंतु १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठास देऊ केलेल्या ४ लाखांतून ग्रंथालय आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. तो आजही उभा आहे.

मित्रहो, शेअर अवश्य घ्या; पण कर्ज काढून नव्हे, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंती.