आलेखाची पारख

मुंबई बंदराच्या ईशान्येस, ट्रॉम्ब्याच्या टेकडीच्या पायथ्याशीं, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही भारतांतील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. अशी भट्टी प्रथम चालूं करतांना जगभर जी रीति पाळली जाते ती मोठी उद्बोधक आहे. इंधन एकदम भरीत नाहींत. थोडें भरावयाचें, न्यूट्रॉन मोजावयाचे, आणि आलेल्या संख्येचा व्यस्तांक घेऊन आलेखाच्या कागदावर एक बिंदु मांडावयाचा. इंधन वाढत जातें तसतसा हा बिंदु खालीं उतरूं लागतो. बिंदूंना जोडणारी रेषा पुढें वाढविली म्हणजे ती तळच्या अक्षाला जेथें मिळते, तेथें भट्टींतील क्रिया स्वतःच्या बळावर चालूं लागणार, हें आधींच समजतें. आणखी किती इंधन घालावें आणि हात केव्हां आवरावा, हें ती रेषा सांगत असते.

आलेखावर असा भरवसा टाकण्याची वेळ केवळ शास्त्रज्ञांवरच येते असें नाहीं. रुग्णाच्या उशाशीं टांगलेला तापाचा तक्ता, पर्जन्यमानाची चढउतार, बालकाच्या वजनाची रेषा, हीं सारीं त्याच कुळांतलीं. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं अशा रेषेकडे पाहून निःश्वास सोडला असेल, किंवा रात्र जागून काढली असेल. ही रेषा पूर्वीं मनुष्याचा हात काढीत असे. हात चुकला तर शेजारीं बसलेला सहकारी बोट ठेवून चूक दाखवी. आज ती रेषा संगणक काढतो. आणि संगणकाला ती काढावयास शिकविणारी आज्ञावली बहुधा कोणीं पाहिलेलीही नसते. मग त्या रेषेवर विश्वास ठेवावयाचा तो कोणत्या आधारावर?

ट्रॉम्ब्यानें ह्या प्रश्नाचा एक भाग फार पूर्वींच ओळखला होता. १९६९ सालीं तेथें 'टीडीसी-१२' हा संगणक तयार झाला. त्याच्या नांवांतील पहिलें अक्षरच ट्रॉम्ब्याचें आहे. पुढें परदेशांतून सामर्थ्यवान संगणक मिळणें दुष्कर झालें, तेव्हां भाभा अणुसंशोधन केंद्रानें 'अनुपम' हा समांतर गणन करणारा संगणक बांधला. त्याची पहिली आवृत्ति १९९१ च्या अखेरीस चालूं झाली. अमेरिकेनें ह्या केंद्राचें नांव आपल्या निर्बंधांच्या यादींत घातलें होतें. तें तेथून निघावयास १९२५ नव्हे, तर २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ गेला. यंत्र मिळालें नाहीं तर तें बांधतां येतें. परंतु बंद पेटींतून आलेली आज्ञावली चुकली, तर ती पेटी विकणाऱ्याच्या दारांत तिष्ठत राहण्यावांचून गत्यंतर नसतें. जिची मूळ संहिता जगापुढें उघडी मांडलेली आहे, त्या आज्ञावलीची गोष्ट निराळी. तिला 'ओपन सोर्स' म्हणतात. ती कोणीही वाचावी, पारखावी, दुरुस्त करावी आणि पुन्हां इतरांस द्यावी, अशी तिची रीतच असते.

आलेख काढणाऱ्या अशा दोन आज्ञासंग्रहांची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. 'मॅटप्लॉटलिब' हा संग्रह जॉन हंटर ह्या अमेरिकन मेंदुशास्त्रज्ञानें २००३ सालीं प्रसिद्ध केला. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूंतील विद्युल्लहरी डोळ्यांनीं पाहतां याव्या, ही त्याची गरज होती. २०१२ च्या ऑगस्टमध्यें, ऐन उमेदींत, तो कर्करोगानें निवर्तला. संहिता उघडी होती म्हणून काम त्याच्यामागें थांबलें नाहीं; इतरांनीं तें उचललें, आणि आज जगांतील असंख्य प्रयोगशाळांतले आलेख त्याच संग्रहांतून निघतात. दुसरा संग्रह आपल्या घरचा आहे. प्रभु रामचंद्रन् ह्यांनीं मद्रासच्या आय्.आय्.टी.मध्यें संशोधन करीत असतां तो लिहावयास घेतला; पुढें ते ट्रॉम्ब्यापासून थोड्याच मैलांवर असलेल्या पवईच्या आय्.आय्.टी.मध्यें विमानविद्येचे प्राध्यापक झाले. वाऱ्याचा झोत, पाण्याचा भोंवरा, उष्णतेचे थर ह्यांचीं त्रिमितींतील चित्रें हा संग्रह काढतो. त्याचें नांव 'मायावी'. ह्या नांवांत जी सूचना दडलेली आहे, तिच्याकडे शेवटीं वळावयाचें आहे.

असा संग्रह मूळ संहितेपासून उभारणें म्हणजे काय? बाजारांतून दळलेला मसाला आणणें आणि खडा मसाला आणून, निवडून, भाजून घरीं कुटणें, ह्यांत जो फरक तोच येथें आहे. तयार पुडा सोयीचा खरा. पण त्यांत काय पडलें हें सांगणारा पुड्यावरचा कागदच. घरीं कुटावयाचें तर आधीं सामान जमवावें लागतें. मॅटप्लॉटलिबचा पुष्कळसा भाग पायथन भाषेंत आहे. पण वेगाचीं कामें सी-प्लस-प्लस ह्या भाषेंत लिहिलेलीं असतात, आणि तीं यंत्राच्या भाषेंत उतरविण्यासाठीं 'कंपायलर' नांवाचा दुभाषी लागतो. संख्यांच्या राशी हांताळण्यास 'नमपाय' लागतें, अक्षरें उमटविण्यास 'फ्रीटाइप' लागतें. मायावीचा पाया 'व्हीटीके' नांवाच्या एका प्रचंड संग्रहावर आहे. तो जर मूळापासून उभारावयाचा म्हटला तर साधा संगणक तास न् तास राबत राहतो. शहाणा मनुष्य हा सारा खटाटोप संगणकाच्या एका निराळ्या कप्प्यांत करतो. कारण एका संग्रहाला जुनें नमपाय हवें असतें, दुसऱ्याला नवें, आणि दोघे एकाच घरांत नांदत नाहींत.

उभारणी झाली म्हणजे परीक्षा. येथें नवशिक्याची हमखास फसगत होते. नवा संग्रह उभारलेला असतो, परंतु संगणकांत पूर्वींचा जुना संग्रहही पडून असतो. परीक्षा होते ती जुन्याचीच. चुलीवरच्या नव्या आमटीऐवजीं कालच्या वाटींतली चाखावी, आणि मीठ बरोबर आहे म्हणून समाधान मानावें, असा तो प्रकार. म्हणून परीक्षेपूर्वीं संग्रहालाच विचारावयाचें असतें कीं, तूं कोणत्या जागेवरून बोलतो आहेस? उत्तर आल्यावांचून पुढें जाऊं नये.

चित्राची परीक्षा यंत्रानें घ्यावी कशी? मॅटप्लॉटलिबच्या कर्त्यांनीं एक युक्ति योजिली आहे. अमुक आज्ञा दिली असतां कसें चित्र निघावें, ह्याचे शेंकडों नमुने त्यांनीं जपून ठेविले आहेत. नव्या संग्रहानें काढलेलें चित्र त्या नमुन्याशेजारीं ठेवून ठिपक्याशीं ठिपका ताडून पाहतात, आणि फरकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचें वर्गमूळ घेतात. तें ठरलेल्या मर्यादेच्या आंत असेल तर उत्तीर्ण, नाहीं तर अनुत्तीर्ण.

ही परीक्षा इतकी काटेकोर कीं, कधीं कधीं निरपराध मनुष्यही तींत सांपडतो. फ्रीटाइपची आवृत्ति बदलली कीं अक्षरांच्या कडा केसभर इकडेतिकडे सरकतात. रेषा तीच, संख्या त्याच; पण ठिपके जुळत नाहींत, आणि परीक्षांमागून परीक्षा नापास होतात. म्हणून ह्या संग्रहानें अनेक वर्षे फ्रीटाइपची २.६.१ ही एकच जुनी आवृत्ति स्वतःबरोबर बाळगली. अशा वेळीं एक मोह होतो: मर्यादा थोडी सैल करावी, म्हणजे सारे उत्तीर्ण! परंतु वजनाच्या कांट्याला दुकानदारानें अंगठा लावावा तसेंच तें. आज अक्षराच्या कडेसाठीं दिलेली सवलत उद्यां सरकलेल्या रेषेलाही मिळते, आणि ती सरकल्याचें कोणास कळतही नाहीं. जाणता परीक्षक नेमकें उलट करतो. तो संहितेंत मुद्दाम एक चूक घालतो आणि परीक्षा ती पकडते कीं नाहीं हें पाहतो. जी परीक्षा चुकीलाही उत्तीर्ण करते, तिनें दिलेल्या प्रशस्तिपत्राची किंमत ती काय?

तथापि सर्व परीक्षा पार पडल्या तरी एक गोष्ट उरतेच. नमुन्याशीं जुळणें म्हणजे कालच्यासारखें असणें. खरें असणें नव्हे. ह्याचें एक उदाहरण मराठी वाचकाच्या अगदीं जवळचें आहे. ह्या संग्रहाच्या आलेखावर देवनागरींत मथळा लिहिला, तर अनेक वर्षे ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागीं पडे आणि जोडाक्षरें तुटून त्यांचे पाय उघडे दिसत. परीक्षा मात्र उत्तीर्णच होत होत्या.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. संख्यांना रंग देण्यासाठीं ह्या संग्रहांत पूर्वापार इंद्रधनुष्यासारखी एक रंगमाला चालत आली होती. ती मनोवेधक खरी. पण पिवळ्याचा पट्टा डोळ्यांत भरे, आणि मूळ आंकड्यांत जेथें सीमा नाहीं तेथें सीमा भासे. २०११ सालीं हार्वर्डच्या संशोधकांनीं हृदयाच्या धमन्यांचीं चित्रें वैद्यकक्षेत्रांतील लोकांपुढें ठेविलीं. इंद्रधनुष्याचे रंग काढून दुसरे, विचारपूर्वक निवडलेले रंग दिले, तेव्हां रोगाच्या संभवाच्या जागा ओळखण्यांतील चुका कमी झाल्या. आंकडे तेच, डोळे तेच, रंग तेवढे निराळे. २०१७ च्या जानेवारींत मॅटप्लॉटलिबनें आपली दुसरी मोठी आवृत्ति काढली, आणि जुनी रंगमाला बाजूस सारून 'विरिडिस' ही नवी रंगमाला प्रमाण मानली. तिच्यांत उजळपणा पायरी-पायरीनें वाढतो, आणि ज्यांस लाल-हिरवा भेद दिसत नाहीं त्यांसही ती वाचतां येते. हा पालट कोणत्याही ठिपक्यांच्या तुलनेनें सुचविलेला नव्हता. चित्र पाहून ज्यांनीं त्याच्या खरेपणाविषयीं शंका घेतली, आणि ज्यांस संहिता उघडून बदलण्याची मुभा होती, त्यांनीं तो घडविला.

'मायावी' ह्या नांवाचें मर्म येथें आहे. प्रत्येक आलेख ही एक माया आहे. न्यूट्रॉन डोळ्यांना दिसत नाहींत, रक्ताचा दाब दिसत नाहीं. दिसतो तो त्यांच्या वतीनें बोलणारा एक रंग, एक वळण. ती माया निर्माण करणारी आज्ञावली उघडी असेल, आणि ती स्वतः उभारून, तिची परीक्षा घेऊन, त्या परीक्षेचीही परीक्षा घेणारे लोक ट्रॉम्ब्यास, पवईस आणि गांवोगांवच्या महाविद्यालयांत असतील, तरच त्या वळणाकडे पाहून कोठें थांबावयाचें हें निःशंकपणें ठरवितां येईल.