ता प्रोह्मचा शिलालेख

कंबोडियास जाणारा प्रवासी आंगकोर वाट पाहून तृप्त होतो आणि पुष्कळदा तेथूनच परततो. परंतु देवस्थानाचा संसार म्हणजे काय, हे ज्याला जाणावयाचे असेल त्याने जवळच्या ता प्रोह्मलाही अवश्य जावे. इ. स. ११८६ मध्ये सातव्या जयवर्मन राजाने मातेच्या स्मरणार्थ हे बौद्ध देवालय प्रज्ञापारमितेस अर्पण केले. तेथील संस्कृत शिलालेखात देवालयाच्या चरितार्थाचा हिशेबच कोरला आहे : गावे ३,१४०, सेवेस लागलेली माणसे ७९,३६५, त्यांत नर्तकी ६१५. एवढा व्याप कोणत्या महाजनांनी सांभाळला असता!

राज्य लयास गेले, गावे उठली आणि अरण्य आत शिरले. आता वृक्षांची मुळे भिंतींना कवटाळून आहेत. तीच दगड फोडतात, तीच कित्येक ठिकाणी दगड सावरूनही धरतात. झाड तोडावे तर भिंत ढासळण्याचे भय. राखावे तर ते एखाद्या वादळात छतासह कोसळावयाचे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे तज्ज्ञ या शतकाच्या आरंभापासून कंबोडियन अधिकाऱ्यांच्या जोडीने हाच पेच सोडवीत आले आहेत. नर्तकींच्या मंडपाचे विखुरलेले दगड त्यांनी पुन्हा जागी बसविले आणि २०२२ मध्ये त्या मंडपाचे लोकार्पण झाले.