सूर्याला फीत कोणी लावली?

श्रोतेहो, हा प्रश्न मला हमखास विचारतात. गोंड बांधव माघ पौर्णिमेला यात्रेसाठी कचारगडास जातात. त्या रानवाटेवर पानांच्या फटी वेड्यावाकड्या, पण खाली पडणारे उन्हाचे कवडसे गोल! कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे कोरीसारखे दिसतात. गुहेच्या छताचे भगदाड मात्र फार मोठे. तिथले ऊन भगदाडाचाच आकार घेते.

घरी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा. त्यातून येणारे ऊन १०८ सेंटिमीटरांवर कागदावर घ्या. कवडसा सुमारे १ सेंटिमीटर भरेल. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. त्याला १०८ ने भागा. सुमारे १४ लाख किलोमीटर, हा सूर्याचा व्यास! भोकातून सूर्याकडे मात्र पाहू नका. पाठ त्याच्याकडेच असू द्या.