शून्य रिझल्ट: मावशीचा हरवलेला प्रबंध आणि लायब्ररीचं न दिसणारं काम

आजचा भाग लायब्ररीवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. वाचनाचं महत्त्व वगैरे मी काही सांगणार नाहीये. आज बोलायचंय ते कॉलेज आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयात पडद्यामागे काय चालतं त्याबद्दल. आणि मला ते कळलं ते माझ्या मावशीमुळे.

मावशीने १९९४ साली पीएच.डी. केली. विषय होता जात्यावरच्या ओव्या. चार वर्षं ती एसटीने गावोगाव फिरली आणि म्हाताऱ्या बायकांजवळ बसून त्यांच्या तोंडून ओव्या लिहून घेतल्या. गावात पिठाची गिरणी येऊन तेव्हाही बरीच वर्षं झाली होती. जातं कोपऱ्यात गेलं होतं, ओव्या फक्त त्या बायकांच्या डोक्यात शिल्लक होत्या. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात त्या सगळ्या ओव्या आहेत, आणि प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं नाव आणि गाव. त्यातल्या बहुतेक जणी आज हयात नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. मावशीचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर प्रबंधाची अक्षरशः वीट झालेली. मूळ वह्याही त्यातच. मावशी एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे, विद्यापीठात एक प्रत आहे ना."

मी म्हटलं, मी काढून देतो, दोन मिनिटांचं काम. आणि मग चार वर्षं विसरलो. आपण विसरतो ना, तसंच.

शेवटी एका रविवारी बसलो. विद्यापीठाच्या लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग असतो, त्याला ओपॅक म्हणतात. मावशीचं नाव टाकलं. शून्य रिझल्ट. प्रबंधाचं शीर्षक टाकलं. शून्य. नुसतं 'ओवी' टाकलं. शून्य. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे पहिला संशय सर्चवर. यांचं सर्चच गंडलंय, असं म्हणून मोकळा झालो. पण मावशीला काय सांगणार? रजा टाकली आणि गेलो.

तिथे प्रबंध विभागात एक ग्रंथपाल होते, रिटायरमेंटला आलेले. मी सगळी स्टोरी सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लग्नाआधीचं आडनाव काय त्यांचं?"

मंडळी, मला लाज वाटली. मावशीचं माहेरचं आडनाव म्हणजे माझ्या आईचं माहेरचं आडनाव. माझ्या बँकेच्या सिक्युरिटी क्वेश्चनचं उत्तर! आणि ते मला सुचलं नव्हतं.

त्या आडनावाने शोधलं. तरी शून्य. मग त्यांनी दाखल नोंदवही काढली. लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक मिळतो आणि तो या जाडजूड वहीत हाताने लिहिलेला असतो. १९९४ ची पानं उलटली. सापडलं! निळ्या शाईत एक ओळ: नाव, शीर्षक, क्रमांक. तो क्रमांक कॉम्प्युटरमध्ये टाकल्यावर नोंद उघडली. कधीतरी डेटा एंट्री करताना मराठी शीर्षक रोमन अक्षरांत टाईप केलं होतं, त्याला जसं सुचेल तसं. आडनावात एक अक्षर चुकलेलं. विषयाचा रकाना रिकामा.

म्हणजे बघा, प्रबंध होता. कपाटात होता. धूळ सोडली तर ठणठणीत होता. तरीही जगाच्या दृष्टीने तो हरवलेला होता, कारण त्याच्यापर्यंत जाणारी वाटच नव्हती.

आजचा मुद्दा हाच. पुस्तक नुसतं कपाटात असून भागत नाही, ते नोंदीतही असावं लागतं. आणि ही नोंद म्हणजे साधं कारकुनी काम नाही.

तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स आठवा. एकच मित्र तीन नावांनी सेव्ह असतो: 'सचिन', 'सच्या कॉलेज', 'सचिन नवीन नंबर'. फोन विचारतो, मर्ज करू का? लायब्ररीवाले हेच काम फोन यायच्या कितीतरी आधीपासून करतायत. ते लेखकाचं एक नाव प्रमाण धरतात, आणि बाकीची सगळी रूपं त्याला जोडून ठेवतात: माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव, वेगळी स्पेलिंग्ज. तुम्ही कुठलंही टाका, पोचता एकाच माणसापाशी. मावशीच्या बाबतीत हे जोडणंच झालं नव्हतं. आणि विचार करा, आपल्याकडे लग्नानंतर नाव कोणाचं बदलतं? बायकांचं. म्हणजे नाव जोडायचं काम राहिलं की सगळ्यात आधी कोण गायब होणार, हे वेगळं सांगायला नको.

आता नोंदीचा फॉरमॅट. इंजिनिअर मंडळींना हे आवडेल. जगभरच्या लायब्ररी मार्क नावाचा फॉरमॅट वापरतात. तो १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तयार झाला, आणि तो बनवणाऱ्या हेन्रिएट अ‍ॅव्हरम या मुळात ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या! जेसन, एक्सएमएल यांच्या कितीतरी आधीची गोष्ट. त्यात प्रत्येक गोष्टीला आकडा आहे: १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. आणि एक फील्ड आहे ८८०, मूळ लिपीसाठी. म्हणजे रोमनमधल्या नोंदीशेजारी तेच शीर्षक देवनागरीत ठेवायची सोय फॉरमॅटमध्येच आहे. मावशीच्या नोंदीत ते फील्ड नव्हतं.

रोमनची गंमत वेगळीच. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतराच्या नियमाप्रमाणे 'कुलकर्णी' लिहिताना 'ल' मधला 'अ' सुद्धा लिहायचा असतो, आणि 'ण' दाखवायला एनखाली टिंब. आपण मात्र सहीत, पासपोर्टवर तो 'अ' खाऊन टाकतो. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये मराठी लेखक शोधताना आपलं नेहमीचं स्पेलिंग टाकून कधीकधी काहीच मिळत नाही. ते चुकीचं लिहीत नाहीत, त्यांचा नियम ठरलेला आहे. आपल्याला तो माहीत नसतो इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत मराठी पुस्तकं कशी पोचली? हा किस्सा भारी आहे. घरातल्या आजी-आजोबांना रेशनवरचा लाल गहू विचारा. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० या कायद्याखाली भारताला धान्य मिळायचं आणि त्याचे पैसे आपण रुपयांत द्यायचो. ते रुपये इथेच साठले. मग त्यातला काही पैसा पुस्तकांकडे वळवला. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं ऑफिस भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना पाठवायला लागलं. म्हणून शिकागो विद्यापीठाच्या कपाटात मराठी पुस्तकं आहेत. गव्हाच्या पैशांतून!

यात जतनाचा एक धडा आहे: प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात. सांगलीचा पूर शिकागोला पोचत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये लॉक्स नावाचा प्रकल्प सुरू झाला, तो याच तत्त्वावर आहे. अनेक लायब्रऱ्या एकाच डिजिटल मजकुराची आपापली प्रत ठेवतात. त्यांची मशिन्स अधूनमधून एकमेकांना विचारतात, तुझ्याकडच्या फाइलचा हॅश काय, माझा हा. एखाद्याचा जुळला नाही तर त्याची प्रत खराब झाली असं समजून बाकीच्यांकडून दुरुस्त केली जाते. म्हणजे 'स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलंय' याला जतन म्हणत नाहीत मंडळी. ती एक प्रत झाली, आणि ती खराब झालीये का हे बघणारं कोणी नाही.

आणि प्रत असून ती वाचता आली पाहिजे. मराठीत हा मोठा लोचा आहे. युनिकोडच्या आधी आपण कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाईप करायचो. त्यात पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. अशा पीडीएफमध्ये 'शेती' शोधा, सापडणार नाही. कॉपी-पेस्ट केलं तर अगम्य काहीतरी येतं. टाईपरायटरवरच्या प्रबंधाचा तर नुसता फोटोच असतो. अशा वेळी आतला मजकूर शोधता येत नाही, म्हणून वरची नोंदच एकमेव दार ठरते. तीच चुकली तर दार बंद.

मग हे सगळं लोकांपर्यंत पोचवायचं कसं? भारतातल्या प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं, आणि आज तिथे लाखो प्रबंध फुकट वाचता येतात. तुमच्या गाइडने 'आधी काय काम झालंय बघा' म्हटलं की पहिली चक्कर तिथे मारा. पण २००९ च्या आधीचे प्रबंध आपोआप तिथे उगवत नाहीत. ते विद्यापीठाने कपाटातून काढायचे, स्कॅन करायचे, नोंद करून पाठवायचे.

दुसरी मोठी गोष्ट, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळणार. चांगलंच आहे. लहान गावातल्या सरकारी कॉलेजच्या मुलांना जे पेपर पैशाअभावी दिसत नव्हते, ते दिसतील. पण सबस्क्रिप्शन म्हणजे भाडं. आणि मावशीचा प्रबंध त्या पॅकेजमध्ये कुठला प्रकाशक विकणार? तो आपल्याच लायब्ररीने सांभाळायचाय. आपण नाही सांभाळला तर दुसरं कोणी येणार नाही.

ग्रंथालयशास्त्रातलं मोठं नाव, एस. आर. रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा पुस्तकाच्या बाजूने बोलतो: पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मला आधी ते सुविचारासारखं वाटायचं. आता वाटतं, ही तर सिस्टिमची रिक्वायरमेंट आहे.

बरं, मावशीच्या प्रबंधाचं पुढे काय झालं? त्या ग्रंथपालांनी माझ्यासमोर नोंद दुरुस्त केली. आडनाव नीट केलं, सासरचं नाव जोडलं, शीर्षक देवनागरीत टाकलं, विषयात 'लोकगीते' आणि 'ओवी' घातलं. वीस मिनिटं लागली. स्कॅनिंगला मात्र मावशीचं संमतीपत्र, अर्ज, सही-शिक्का असं करत दोन महिने गेले. शोधगंगेवर अजून दिसत नाहीये, विद्यापीठ पाठवणार आहे म्हणे. मी दर महिन्याला फोन करतो.

पण परवा मावशीचाच फोन आला. ओव्यांवर काम करणाऱ्या एका मुलीला तो प्रबंध कॅटलॉगमध्ये दिसला, आणि तिने नंबर शोधून मावशीला फोन केला. दीड तास बोलल्या दोघी. मावशी हसत सांगत होती, "अरे, ती आधी घाबरत घाबरत विचारत होती, त्या बाई अजून आहेत का म्हणून!"

तर मंडळी, आजचा होमवर्क. एक, घरात, शेजारी, ओळखीत कोणी एम.फिल., पीएच.डी. केली असेल तर त्यांचं नाव त्यांच्या विद्यापीठाच्या ओपॅकवर आणि शोधगंगेवर शोधून बघा. बायकांचं असेल तर दोन्ही आडनावांनी. दोन, सापडलं नाही किंवा चुकीचं सापडलं तर ग्रंथपालांना साधा ईमेल करा, दाखल क्रमांक मिळाला तर तोही द्या. तीन, तुम्ही स्वतः पेपर लिहीत असाल तर ऑर्किड काढून ठेवा. तो सोळा अंकी ओळख क्रमांक असतो, फुकट मिळतो आणि आडनाव बदललं तरी तोच राहतो.

काय सापडलं, काय नाही सापडलं, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!