आधी पाय, मग हात

(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चार महिलांनी लॉन बोल्समध्ये दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्णपदक मिळवलं. तो सामना मी टीव्हीवर पाहिला. लांबवरच्या छोट्या चेंडूजवळ आपला गोळा न्यायचा, इतकाच खेळ. पण साधारण दीड किलोचा हा गोळा मुद्दाम एका बाजूला झुकता घडवतात. वेग कमी झाला की तो वळतो. म्हणून नेम चेंडूवर नाही, त्याच्या बाजूला धरायचा.

मला भावली ती आधीची तयारी. चटईवर यायचं, गोळा ज्या रेषेवर सोडायचा तिकडे पावलं करायची, गुडघे सैल, नजर रेषेवर. हात मागे, मग एक पाऊल पुढे, आणि वाकून गोळा जमिनीलगत सोडायचा. त्या क्षणी एक पाय चटईवर हवाच, असा नियम आहे.

गेल्या पावसाळ्यात मी जिन्यावर घसरलो. दोन महिने घरात होतो. नंतर खाली उतरायची भीतीच बसली. मग पहिल्या पायरीशी हेच करू लागलो. थांबायचं, कठडा धरायचा, पाऊल सरळ, नजर पायरीवर, आणि मगच उतरायचं. आज खोपटच्या एसटी स्टँडपर्यंत एकटा जाऊन येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण हाच जिना धावत चढायचो. आता धावू नका, मंडळी. आधी पाय रोवा, मग हात उचला.